शंभर वजा केलेल्या आत्याबाई

पुंडलिकनगरातल्या रत्नमालाला मापं घ्यायचा भारी नाद. बाई वीस वर्षं घरीच ब्लाउज शिवते, पण टेप काही गळ्यातून उतरत नाही. भाजीवाल्याकडं दुधी घेतानासुद्धा तिची बोटं त्याचा घेर काढतात. त्यामुळं मेडिकलच्या वजनकाट्यावर चिकटवलेला कागद तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करा, उरेल ते योग्य वजन. इतकं सोपं गणित पाहून ती हरखूनच गेली.

तिनं अख्खं घर भिंतीला उभं केलं. नवरा दोन किलोंनी जास्त, मुलगा सुयश सात किलोंनी कमी. सासू लीलाबाई, म्हणजे तिच्या आत्याबाई, भरल्या एकशे बेचाळीस, आणि वजन एक्कावन्न. म्हणजे नऊ किलो जादा! त्यांचे गुडघे दुखायचे, वजन वाढू देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. रत्नमालानं त्यांच्या दोन भाकरींची एक केली, रात्री अर्धी. लीलाबाई म्हणजे उभा जन्म बांधकामावर विटा वाहिलेली बाई, ताटात पडेल ते खाऊन उठायची.

तीन महिन्यांत पाच किलो उतरले. रत्नमाला खूश होती. लीलाबाई मात्र चार पायऱ्या चढल्या की मध्येच बसायच्या.

धम्मचक्र दिनासाठी त्यांचा पांढरा ब्लाउज शिवायला घेतला, तेव्हा ती चक्रावली. एवढ्याशा आत्याबाई, आणि बाही तिच्या स्वतःच्या बाहीएवढी कशी?

"आत्याबाई, दोन्ही हात पसरा बरं."

एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत एकशे चौपन्न. मग तिनं नवऱ्याला पसरवलं, सुयशला पसरवलं, स्वतःलाही मोजून घेतलं. तिघांचेही पसरलेले हात जवळजवळ उंचीइतकेच. आत्याबाईंचेच बारा सेंटिमीटर जास्त. तिनं त्यांच्या पाठीकडं पाहिलं. ती वाकलेली पाठ रोजचीच होती, पण भिंतीला उभं करताना तिच्या ध्यानातच आली नव्हती. हातांची एकशे चौपन्न हीच त्यांची खरी उंची धरली, तर त्या कागदाच्या हिशेबानंसुद्धा चौपन्न किलो चालले असते. तिनं लगेच डॉक्टरांकडं नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "वाकलेल्या पाठीची उंची धरू नका. आणि हातावरून काढलेला आकडाही अंदाजच. हाडं कशी, अंगात मांस किती, वय काय, हे त्या वजाबाकीला कळत नाही. या अशक्त झाल्यात. आधी पोटभर जेवू द्या."

संध्याकाळी रत्नमालानं दोन भाकरी वाढल्या आणि शरमेनं सगळं सांगून टाकलं.

"व्हय का," लीलाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्यानं काम व्हईना म्हणून कमी केलं आसंल."

"आवं, मग इचारायचं तरी."

लीलाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला.

"इचारलं आसतं, आन तू व्हय म्हणली आसतीस तर?"