पाणवठ्यावरच्या जनावराचं नाव

माझ्या सासऱ्यांची दृष्टी गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी आमच्या घरात कॉम्प्युटर आला. यजमान बोटीवर नोकरीला होते. मुलीच्या शिक्षणाला उपयोगी पडेल म्हणून त्यांनी तो घ्यायला लावला. रत्नागिरीच्या बाजारातून टेम्पोतून आणला आणि पडवीत, मामंजींच्या आरामखुर्चीशेजारी ठेवला, कारण फोनची वायर तिथपर्यंतच पोचत होती.

मामंजींशी मी बोलत नसे. भांडण नव्हतं, आमच्याकडची रीतच तशी. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं की सासऱ्यांसमोर उभं राहायचं नाही, काही हवं-नको ते सासूबाईंकडे सांगायचं. मी मुळातच अबोल, त्यामुळे मला ते बरंच वाटलं. सासूबाई वारल्या तोवर मुलगी बोलायला लागली होती, मग आमचा व्यवहार तिच्यामार्फत चालू झाला.

"आजोबांना विचार, चहा ठेवू का," मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायची.

"आईला सांग तुझ्या, मघाशीच झाला," मामंजी पडवीतून म्हणायचे.

"मी काय पोस्टमन आहे? दोघांना कान आहेत ना!" मुलगी म्हणायची, आणि निरोप द्यायचीच नाही. दोघांनी ऐकलेलं असायचंच.

काचबिंदूने मामंजींचे दोन्ही डोळे गेले. त्याआधी त्यांचं अर्धं आयुष्य रात्रीच्या राखणीत गेलं होतं. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, म्हणून ते ठासणीची बंदूक घेऊन शेताकडेच्या आंब्यावर माळा बांधून बसत. डोळे गेल्यावर त्यांना घरात करण्यासारखं काही राहिलं नाही आणि त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. सकाळची पेज तेवढी मुलगी गोष्टी सांगत कशीबशी पाजायची.

कॉम्प्युटर आल्यावर तिला एक गोष्ट सापडली. आफ्रिकेच्या जंगलात एका पाणवठ्यावर कॅमेरा लावून ठेवला होता आणि तिथे त्या घडीला जे असेल ते आमच्या पडवीत दिसायचं. चित्र हलत नसे. एक चित्र यायचं, मग थोड्या वेळाने त्या जागी दुसरं. आपल्याकडे उजाडून उन्हं अंगणात येईपर्यंत तिकडे रात्रच असे. इंटरनेट लावलं की फोन अडकून राहायचा; सकाळी कुणाचा फोन यायचा नाही, म्हणून मुलगी तेव्हाच इंटरनेट लावायची आणि आजोबांना सांगत पेज द्यायची.

"आजोबा, गेंडा!"

"नाव घेऊ नको गो! तिकडे रात्र आहे ना?"

"मग काय झालं?"

"रात्री पाण्यावर आलेल्या जनावराचं नाव घेतलं की ते निघून जातं. माळ्यावर आम्ही कधी नाव घेतलं नाही."

ती मुद्दाम नाव घ्यायची, ते रागवायचे, आणि त्या भांडणात वाटी रिकामी व्हायची.

मग ती शेतकी कॉलेजला दापोलीला गेली आणि वसतिगृहात राहिली. मामंजींनी पेज घेणं बंद केलं. मी वाटी त्यांच्या हाताशी ठेवायची, बांगड्या वाजवायची, म्हणजे त्यांना कळे. ते हाताने चाचपून वाटी लांब सारायचे. दुपारी दोन घास, रात्री तेवढेच. डॉक्टर येऊन गेले. मला बाजूला बोलावून म्हणाले, "औषधाने काही होणार नाही. पोटात अन्न गेलं नाही तर फार दिवस काढणार नाहीत." यजमानांना यायला अजून सहा-सात महिने होते. फोनवर ते मला एकच सांगायचे, बाबांना सांभाळ.

मुलीचा फोन आला तेव्हा मी रडले. ती म्हणाली, "मग आई, तूच सांग ना त्यांना, काय दिसतंय ते."

"मी? त्यांच्याशी?"

"नाहीतर कोण, कॉम्प्युटर सांगणार?"

तिने जाताना मला कुठे काय दाबायचं ते दाखवून ठेवलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी अक्षर येत नाही, पण निळ्या रेघेवर बाण नेऊन दाबायचं एवढं ध्यानात होतं. दुसऱ्या दिवशी मी लावलं. फोनच्या वायरीचा किरकिर आवाज झाला तशी मामंजींनी मान वर केली. मी डोक्यावरून पदर घेऊन खुर्चीच्या मागे उभी राहिले. बराच वेळ नुसतं करडं पाणी. मग एका चित्रात काठावर तरस.  घाबरून नावच तोंडातून गेलं.

"तरस."

 एवढ्यात चित्र बदललं. पाणी होतं, तरस नव्हतं.

"गेलं ना?" ते म्हणाले.

"गेलं."

"नाव घेतलंस, गेलं. आता येईल त्याचं नाव नको. कसं आहे ते सांग. मी ओळखतो."

आता झाली का पंचाईत! नाव घेऊन एका शब्दात सुटले असते. नाव नाही घ्यायचं म्हणजे सगळं वर्णन करायला हवं. पुढचं जनावर आलं आणि मी ते नीट बघून घेऊन भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली. मान उंच, पोफळीएवढी. अंगावर ठिपके. पुढचे पाय फाकवलेत आणि मान खाली घातलीय.

"पोफळ आली पाणी प्यायला?" मामंजी म्हणाले. "आंधळ्याची थट्टा करतेस होय?"

"खरंच तसं आहे."

"शिंगं?"

"बारकी आहेत. बोटांएवढी."

"असलं जनावर देवाने केलेलं नाही," ते म्हणाले आणि पेजेची वाटी मागितली. पिता पिता आणखी चार गोष्टी विचारल्या. वाटी तळाला गेली तरी त्यांना ते ओळखता आलं नाही. मीही तिकडे उजाडेपर्यंत नाव सांगितलं नाही.

तेव्हापासून रोज तसंच चाललं. माझा आवाज हळूहळू भिंतीकडून त्यांच्याकडे वळला. साळिंदर ते लगेच ओळखायचे, रानडुकराचे सुळे कुठून वळलेत ते विचारायचे. त्यांच्या अंगाने थोडं मांस धरलं. मी फोनवर यजमानांना फक्त "जेवतात" एवढंच सांगितलं.

त्या उन्हाळ्यात भारनियमन सुरू झालं आणि आमच्या बाजूची वीज नेमकी सकाळी जाऊ लागली. पहिल्या दिवशी मी वाटी घेऊन आले.

"आज काय आलंय?"

"वीज नाही."

त्यांनी वाटी हाताने लांब सारली. अगदी पूर्वीसारखी.  वाटी उचलून आत न्यावी असं मनात आलं, पण नेली असती तर उद्याही तेच झालं असतं. पडवीतून सरळ मागचं दार दिसतं आणि दाराबाहेर विहीर. विहिरीच्या चिऱ्यांच्या कठड्यावर काहीतरी चढलं होतं.

"लांबट आहे," मी म्हणाले. "अंगाने राखाडी. शेपूट अंगाएवढी. दोन पायांवर उभं राहून इकडे बघतंय."

"कुठे?"

"आपल्या विहिरीवर."

मामंजी हसले. "अगो, हे मुंगूस! आणि इकडे उजाडलंय ना? मग नाव घे की, लपवतेस कशाला?"

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "त्याच्यामागून दुसरंही आलंय. वेगळंच आहे. आधी पेज घ्या, मग सांगते."

"लबाड आहेस," ते म्हणाले. पण हात पुढे केला. दुसरं खरंच आलं होतं, ते शेजाऱ्यांचं मांजर होतं. वाटी संपल्यावर मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला "चोर" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पेज गाळून मी पडवीत आले तर खुर्ची जागेवर नव्हती. भिंत चाचपत, खुर्ची ओढत ते मागच्या दारापाशी जाऊन बसले होते. माझ्या बांगड्या वाजल्या तसा त्यांनी हात वर केला.

"हळू ये. पाचोळा वाजतोय. बघ काय आलंय," ते कुजबुजले. "नाव घेऊ नको."