साक्षीचा सीन

गुन्हेगारीच्या सिनेमांवर कुणी शहाणपणानं बोलायला लागलं, की मला विठ्ठलवाडीची आमची चाळ आठवते आणि डोकं तापतं. हे सिनेमे म्हणे समाजाचा आरसा असतात. असतीलही. आम्ही रोज त्या आरशासमोर बसायचो, आणि आत दिसणारं तोंड शेजाऱ्याचं आहे अशी आमची पक्की समजूत होती.

ऐंशीच्या दशकात आमच्या चाळीत व्हीसीआर एकाच घरात होता, शेजारच्या मामांकडे. ते काही आईचे सख्खे भाऊ नव्हेत, पण आई त्यांना भाऊ मानायची, म्हणून आम्हाला मामा. रविवारी दुपारी ते कॅम्प एक या सिंधी वस्तीतल्या दुकानदाराकडून कॅसेट आणायचे. "बोलो साईं, फॅमिली दूँ के मारधाड?" असं तो दर वेळी विचारायचा आणि मामा दर वेळी मारधाडच उचलायचे. खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला की अख्खी चाळ त्या एका खोलीत मावायची.

या सिनेमांच्या शेवटी कोर्टाचा सीन ठरलेला. घाबरलेला साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो आणि गुंडाकडे बोट दाखवून खरं सांगतो. नेमकी तीच आमच्या नळाला पाणी यायची वेळ. अर्ध्या बायका उठून बादल्या भरायला पळायच्या. त्या परत आल्या की मामा टेप मागे घ्यायचे आणि साक्षीचा सीन पुन्हा लावायचे. ही आमच्या चाळीची रीतच पडली होती. दुसऱ्यांदाही आम्ही पहिल्याइतक्याच टाळ्या पिटायचो. मामा मशीनच्या बटणावर बोट ठेवून साक्षीदाराबरोबर सगळा डायलॉग म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तर अजून जळतं.

आधीआधी या सिनेमांतला खलनायक बंगल्यात राहायचा, कोट घालून बोटींतून चोरटं सोनं उतरवायचा. मग तो पांढरे कपडे घालून भाषणं करायला लागला. नव्वदच्या आसपास तर तो चाळीतलाच निघाला, आणि हिरोही तोच झाला. आमच्या भागातल्या दादाची बढती याच क्रमानं झाली. आधी हप्ते, मग बॅनरवर हात जोडलेला फोटो. चौदा एप्रिलला जयंतीच्या मांडवातला व्हिडिओ शो त्याच्याच खर्चानं व्हायचा. पुढच्या खुर्चीत बसून खलनायक मेल्यावर शिट्टी मारणारा पहिला माणूस तोच असायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

या दादानं एके दिवशी नळाजवळच्या मोकळ्या जागेत टपऱ्या ठोकायला घेतल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते. ते आडवे गेले. "बायकांनी पाणी कुठून भरायचं?" एवढंच विचारलं त्यांनी. दादानं भर दुपारी लोखंडी सळईनं त्यांचा उजवा हात फोडला. मामा शेजारीच बादली घेऊन उभे होते. त्यांनीच अण्णांना उचलून रिक्षात घातलं. त्यांच्या शर्टाला लागलेलं अण्णांचं रक्त आईनं स्वतः धुतलं.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. अण्णा ऐकेनात. "कायदा आपल्याच माणसानं लिहिलाय, त्याला भ्यायचं कशाला?" म्हणायचे. पोलिसांनी विचारलं, आणखी कोणी पाहिलं? भाजीवाल्या मावशींनी पाहिलं होतं, त्या यायलाही तयार होत्या. पण अण्णा म्हणाले, "बाईमाणसाला कशाला कोर्टात ओढायचं, साहेब? एक खरा माणूस बास आहे." सिनेमात एकच साक्षीदार पुरतो, हे आम्ही किती रविवार पाहिलं होतं! मीही मान डोलावली होती. पोलिसांनी एकट्या मामांचं नाव लिहून घेतलं.

केस उभी राहीपर्यंत काही वर्षं गेली. अण्णांची बोटं मिटायची ती कायमची थांबली, लेथ सुटली आणि कारखान्यानं त्यांना गेटवर बसवलं. तरी कोर्टाच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. त्यांना एवढंच हवं होतं, की कुणीतरी सगळ्यांसमोर सांगावं, हे असं झालं.

मामा पिंजऱ्यात उभे राहिले. दादाकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. "मी घरात होतो साहेब. कॅसेट लावत होतो. मला काही दिसलं नाही."

आमचा वकील चिडून म्हणाला, साक्षीदार फितूर झालाय. फितूर हा शब्द तोवर मी इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता, किल्ल्यांच्या धड्यात. दादा सुटला. पुढे त्याच्या भागात केबलच्या तारा टाकायचं काम मामांना मिळालं, तेव्हा आम्हाला सगळा उलगडा झाला. परक्यानं मारलेली सळई मी समजू शकते. आईनं ज्याला भाऊ मानलं त्यानं केसानं गळा कापला, हे मला आजही गिळता येत नाही.

कोर्टानंतरच्या एका रविवारी मामा आमच्या दारात आले. "ताई, दाजी, या ना. नवीन पिक्चर आणलाय." आई आत निघून गेली. अण्णा मात्र उठले. "मी का तोंड लपवू? खोटं मी बोललो नाही," म्हणाले. मग आई आणि मीही मागोमाग गेलो.

सिनेमा नेहमीसारखाच होता. कोर्ट आलं. पाण्याला गेलेल्या बायका या खेपेला लवकर परतल्या आणि बादल्या घेऊन दारातच उभ्या राहिल्या. साक्षीदार पिंजऱ्यात चढला. त्यानं तोंड उघडलं आणि मामांनी टेप पुढे पळवली. पडद्यावर आडव्या रेघा धावायला लागल्या. साक्षीदाराचं तोंड आवाजाशिवाय भराभर उघडत मिटत राहिलं. त्याचं बोट गुंडाकडे गेलं आणि क्षणात खाली आलं.

मग अण्णा शांतपणे म्हणाले, "मेव्हणे, साक्षीचा सीन राहिला. मागं घ्या."

मामांनी वळून पाहिलं नाही. "टेप खराब आहे, दाजी."

शेवटी गुंडाला बेड्या पडल्या. खोलीत टाळ्या वाजल्या, त्यात मामांच्याही होत्या. अण्णांचा उजवा हात मांडीवर तसाच उघडा पडून होता.