तिसऱ्या दिवशीचं मत

माझे यजमान कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हे मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्यांच्या पसाऱ्यात बसून कुणाचं तरी तोंड नव्याने घडवतात. गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणतात. रागावले की मीही तेच म्हणते. त्यांचा एक नियम आहे. नवी कवळी बसली की तीन दिवस तिच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. समोरचा छान म्हणाला तरी हुरळायचं नाही, टोचते म्हणाला तरी घाबरायचं नाही. पहिल्या दिवशी तोंड नुसता पाहुणचार करतं, खरं काय ते तिसऱ्या दिवशी कळतं, असं त्यांचं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना तोंडदेखलं बोलता येत नाही. लग्नानंतर मी त्यांच्यासाठी पहिला स्वेटर विणला, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि लांब बाही नक्की कोणत्या हातासाठी आहे, असं शांतपणे विचारलं. तो स्वेटर मी आजही वापरते, फरशी पुसायला.

अकरा वर्षांपूर्वी हे जिन्यावरून पडले आणि मनगट मोडून बसले. जन्मभर प्लास्टर कालवणारा माणूस दीड महिना स्वतःच प्लास्टरमध्ये. ते निघाल्यावर डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितला. रबरी चेंडू दाबून दाबून हे कंटाळले, तेव्हा शाळेत जाणाऱ्या आमच्या लेकीने आपल्या गेमचा कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. सात वेशींचं एक राज्य, जादूटोणा, राक्षस आणि सगळ्यांना पुरून उरणारी एक तलवारवाली. बोटं पंधरा दिवसांत बरी झाली, कवळीवाले काही बरे झाले नाहीत. बापलेकीने सातही वेशी उघडल्या आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या गेमवर जगभरच्या लोकांनी जीव टाकला होता. आमच्या लेकीने तर पुढे चित्रकला शिकून त्याच कंपनीत नोकरी धरली, आणि चार वर्षं बसून दुसऱ्या भागातल्या गावकऱ्यांचे चेहरे घडवले.

दुसरा भाग आला आणि लोकांनी नुसती नाकं मुरडली नाहीत, धिंडच काढली. तलवारवाली आता म्हातारी झालेली, तिचे गुडघे दुखतात. लढाया मोजून चार. बाकी गावोगाव चालायचं आणि भेटेल त्याचं ऐकून घ्यायचं. चेहरे म्हणजे उकडलेले बटाटे, असं कुणीतरी लिहिलं आणि ते हजारो लोकांनी हसत हसत पुढे पाठवलं. ते चेहरे कुणी केलेत हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

लेक आठ दिवसांची रजा काढून घरी आली. फरशांवरच्या नक्ष्या काढणाऱ्या एका कंपनीने तिला नोकरीला बोलावलं होतं आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. भाजी निवडता निवडता ती मला म्हणाली, "आई, बाबा खेळून काय म्हणतात ते बघते. त्यांनाही नाही आवडला, तर चेहऱ्यांचं काम सोडते मी. फरशांना निदान कुणी हसत नाही." आणि यातलं बाबांना काही सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली. माझा जीव टांगणीला लागला, तो तेव्हापासून.

बुधवारी हे खेळायला बसले. एरवी सहाच्या आत जागचे न हलणारे कवळीवाले चारलाच हात धुऊन पडद्यासमोर. चेहरा मात्र कुणाच्या तोंडात डोकावताना असतो तसा, कोरा. गुरुवारीही तेच. लेक मागे बसून धुतलेले कप पुन्हा पुसायची. जेवताना यांनी मीठ मागितलं, पाणी मागितलं, शेजारच्यांच्या नळाची चौकशी केली. गेमबद्दल मिठाची गुळणी.

शुक्रवारी दुपारी लेकीने लॅपटॉप उघडला. दोन दिवसांत बाबा एक शब्द बोलले नाहीत, आवडला असता तर बोलले असते, असं म्हणून ती फरशीवाल्यांना होकार लिहायला लागली. तिचा आवाज अगदी साधा होता, आणि तेच मला सहन झालं नाही. मी तडक मागच्या खोलीत गेले. हे चिमट्यात एक दाढ धरून ती मेणात बसवत होते. लेकीच्या कामाबद्दल बोलायला तुमची जीभ झडली का, असं मी विचारलं.

"अगं, आज तिसरा दिवस ना?" हे गोंधळून म्हणाले. "संध्याकाळी सांगणारच होतो."

"अहो, ती काय कवळी आहे?"

शपथ गेली चुलीत. मी सगळं सांगून टाकलं. चिमट्यातली दाढ टपकन टेबलावर पडली. तीस वर्षांत मी त्यांच्या हातून दाढ पडलेली पाहिली नव्हती. बोटांचं मेणही न पुसता ते बाहेर आले आणि लेकीसमोर खुर्ची ओढून बसले.

"ती नदीवरची होडीवाली," ते म्हणाले. "तिचे डावीकडचे दात जास्त झिजलेत. म्हणजे बाई डावीकडून चावते. मग जबडा उजवीकडे कसा भरलेला? तो डावीकडे हवा."

मी कपाळावर हात मारला. पण लेकीने मान वर केली होती.

"बाबा, ती दोन मिनिटंसुद्धा दिसत नाही. तुम्ही तिचे दात कधी बघितले?"

"तीनदा परत गेलो तिच्याकडे. बोलते छान." मग ते बोटांचं मेण खरवडायला लागले. मनातलं बोलायचं म्हणजे यांना दाढ काढण्यापेक्षा अवघड. "आजवर पडद्यावर बघितलेले सगळे दात एका साच्यातले. तुझ्या गावात मात्र जो तो आपापल्या दातांनी जेवतो. लोकांना लढाया हव्या होत्या, त्या यात नाहीत, हे खरंच आहे. पण मला आवडलाय. पुरवून पुरवून खेळतोय, लवकर संपायला नको म्हणून."

माझा जीव भांड्यात पडला. जबड्यातली चूक काढणारा हा माणूस नुसताच छान म्हणाला असता, तर लेकीने एका अक्षरावर विश्वास ठेवला नसता, आणि खरं सांगायचं तर मीही नसता. आता ती रडत होती आणि हसतही होती. मग नाक पुसून ती उठली आणि स्वयंपाकघरातून पावाचा तुकडा घेऊन आली. तो तिने बाबांच्या हातात दिला आणि डावीकडून, सावकाश चावायला सांगितलं. हे आज्ञाधारकपणे चावायला लागले. तिने त्यांच्या गालावर बोटं ठेवली आणि दुसऱ्या हाताने कागदावर रेषा ओढायला लागली.

फरशीवाल्यांना काय कळवायचं, असं मी विचारलं.

"आई, जरा थांब गं," ती मान वर न करता म्हणाली. "बाबांचा जबडा हलतोय."