झिपरी नावाचं नाणं

नाण्याला नाव राजा ठेवतो असं ज्याला वाटतं, त्यानं जुन्या नाण्यांच्या बाजारात कधी पाय ठेवलेला नाही. राजा बिचारा आपली सतराशे साठ बिरुदं त्यावर कोरून घेतो, आणि बाजार त्याला ढब्बू म्हणून मोकळा होतो. का, तर नाणं जाड. टक्कल दिसलं की तुळतुळ्या, नाक झिजलं की नकटी. राजा असो नाहीतर राणी, बाजार कुणाच्या बापाला भीत नाही.

अशाच बाजारातल्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दुकानदाराची बायको शिंप्यांची काजं-बटणं करायची. तिला सगळे वरच्या काकू म्हणत. तोंडाच्या भलत्या फटकळ. शिंपी म्हणाला, "काकू, काज जरा घट्ट झालंय," की यांचं उत्तर तयार, "गिऱ्हाईकाचं पोट सुटलंय, माझ्या काजाला कशाला नावं ठेवता?"

पण एका बाबतीत हे तोंड शिवल्यासारखं बंद होतं. त्यांना एक मुलगी होती. शाळेत जायच्या वयाची व्हायच्या आधीच तापानं गेली. केसांना हात लावू द्यायची नाही. फणी दिसली रे दिसली की टेबलाखाली पसार. म्हणून झिपरी. खरं नाव होतं, पण ते कागदापुरतं. ती गेली तेव्हा काकूंनी नवऱ्याला बजावलं, "या घरात पुन्हा तिचं नाव घ्यायचं नाही. माझ्यानं ऐकवत नाही." नवरा म्हणजे गरीब गाय. "बरं," म्हणाला, आणि खरोखरच पुन्हा कधी घेतलं नाही. घर मात्र दोघांनाही खायला उठायचं.

अशी कैक वर्षं गेली. मग एका दुपारी काकू शर्टाला काज करत बसल्या होत्या, आणि खालून कुणीतरी परक्या माणसानं विचारलं, "झिपरी आहे का?"

सुई बोटात गेली.

"आहे ना," नवऱ्याचा आवाज आला. "आत आहे. आणतो."

जमीन लाकडी फळ्यांची, त्यातली एक फट चांगली बोटभर रुंद. काकू गुडघ्यांवर टेकल्या आणि फटीला डोळा लावला. नवऱ्यानं आतून एक मखमली थैली आणली. थैलीतून काळपट नाणं निघालं. त्यावर एक गोल तोंड, आणि तोंडाभोवती चहूकडे उभे राहिलेले केस.

त्या दुपारी फटीतून ऐकता ऐकता त्यांना सगळा उलगडा झाला. कुठल्याशा जुन्या घराचा पाया उकरताना अशा नाण्यांचं मडकं सापडलं होतं. वरची अक्षरं कुणाला म्हणून लागेनात. बाजाराचा रिवाज असा, की बिननावाचं नाणं पहिल्यांदा ज्याच्या दुकानात येईल त्यानंच त्याचं बारसं करायचं; नाहीतर गिऱ्हाईक हात लावत नाही. नवऱ्यानं ते तोंड पाहिलं आणि नाव ठेवलं. बंदी घरात होती, दुकानात नव्हती.

काकूंना असा संताप आला, की खाली जाऊन चारचौघांत तमाशा करावा. गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र स्टूल सरकवून त्या फटीपाशीच कामाला बसल्या.

पुढे ते रोजचंच झालं. "झिपरी फार झिजलीय हो," असं कुणी म्हटलं की काळजात चर्र व्हायचं. "ही झिपरी खोटी दिसते," म्हणणाऱ्याच्या टाळक्यात इस्त्री घालावीशी वाटायची. आणि "झिपरीला तोड नाही," असं कुणी म्हणालं की संध्याकाळी वरण ढवळतानाही त्या गुणगुणायच्या. कधीकधी टेबलाखाली खुसफुस व्हायची. त्या वाकून बघायच्या. "वेड लागलंय मला," असं म्हणायच्या आणि पुन्हा बघायच्या. नवऱ्याला यातलं अवाक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या आणि या गरीब गायीनं दुकानातलंही नाव बंद केलं म्हणजे?

मग एक दिवस संग्रहालयातले साहेब आले. भला माणूस, नाण्यांच्या नावांवर पुस्तक लिहीत होता, आणि नुसता आनंदानं फुलला होता.

"डॉलर हे नाव कुठून आलं माहितीये? एका दरीवरून! तिथल्या चांदीचं नाणं ना ते. फ्लोरिन आलं फुलावरून, कारण नाण्यावर फूल होतं. आणि दुकानदार, तुमच्या झिपरीचंही कोडं सुटलं बरं का! अक्षरं लागली. अहो, ते केस नाहीतच मुळी, किरणं आहेत. हा सूर्य आहे सूर्य. आता पुस्तकात सूर्यमुद्रा असंच जाईल. झिपरी हे नाव चुकीचं, ते गाळून टाकू. बाजारातही सांगून ठेवा तुम्ही."

वर काकूंचा हात जागच्या जागी थांबला. आता नवरा काहीतरी बोलेल, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. मग नवऱ्याचा आवाज आला, "बरं."

तेच "बरं." तोच आवाज. पोर दुसऱ्यांदा चालली होती, आणि तिची आई वर बसून ऐकत होती.

काकू अनवाणीच जिना उतरल्या. बाहीला दोरे चिकटलेले, बोटात अंगुस्तान तसंच. दुकानात त्यांनी वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नव्हतं. नवरा तर भूत पाहिल्यासारखा उभाच राहिला.

"नाव गाळायचं नाही," त्या म्हणाल्या.

"पण काकू, ते केस नाहीत..." साहेब म्हणाले.

"नसतील. सूर्य म्हणा नाहीतर चंद्र म्हणा, तुमचं वाचन तुम्हाला लखलाभ. पण नाव कुठून आलं ते लिहिता ना तुम्ही?"

"लिहितो तर. तेच तर माझं काम."

"मग लिहा." काकूंनी काउंटरची कड धरली. "झिपरी. आमची मुलगी. केस विंचरू द्यायची नाही."

साहेबांनी लिहायला काढलेलं पेन तसंच हातात राहिलं. नवऱ्यानं भिंग खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "फणी दिसली की टेबलाखाली..." एवढंच कसंबसं म्हणाला आणि हमसून हमसून रडायला लागला.

काकूंनी त्याच्या दंडाला धरलं.

"चला वर," त्या म्हणाल्या. "इतके दिवस जमिनीला कान लावून ऐकतेय मी. आता समोर बसून तिच्याबद्दल सांगा."