मुकादमाची नाडी

गोदीत चोरटा माल हुंगणाऱ्या त्या कुत्र्याला सगळे मुकादम म्हणत, कारण कंटेनरांच्या रांगांतून तो अशा तोऱ्यात फिरे की हमालसुद्धा उगीच हात चालवू लागत. त्याचा पट्टा धरणारे ते तात्या. तात्यांना तोरा नव्हता, पोट होतं, आणि ते त्यांच्या जरा पुढेच चाले. यात कोण कोणाला फिरवतं हा गोदीतला जुना वाद होता.

तात्यांच्या हातून आयुष्यात काही धड टिकलं नव्हतं. दुकान काढलं ते बुडालं, रखवालदारी धरली ती झोपेपायी गेली. टिकला तो मुकादम. त्याला माल सापडला की बक्षीस म्हणून फेकायचा लाल रबरी चेंडू तात्यांच्या खिशात कायम असे, अगदी मेहुणीच्या लग्नात कोटाच्या खिशातसुद्धा होता. बायको म्हणे, "माझा वाढदिवस विसरता, कुत्र्याची नखं कापायची बरी आठवतात!" ते खरंच होतं.

त्या वर्षीच्या तपासणीत मुकादम नापास झाला. मैदानाला धावत फेऱ्या मारायच्या, मग सावलीत बसायचं, आणि डॉक्टरीणबाई ताप नि नाडी बघणार. ताप उतरला, नाडी उतरेना.

"धावल्यावर काळीज उडणारच, तात्या," बाई म्हणाल्या. "पण कसलेल्या कुत्र्याचं लवकर थाऱ्यावर येतं. याचं येत नाही. महिन्याने पुन्हा बघू. तेव्हाही हेच असलं तर निवृत्ती."

निवृत्ती म्हणजे मुकादम शहराबाहेरच्या कुत्राघरात आणि तात्या फाटकावर पावत्या फाडायला. घरी न्यावं तर घरमालकाला मांजरसुद्धा चालत नसे.

मग तात्यांनी कंबर कसली. ती सापडली हेच नवल. रोज सकाळी सायकलवर तात्या आणि शेजारी धावणारा मुकादम. थांबलं की तात्या ताप मोजत. कुत्र्याचा ताप तोंडात मोजत नाहीत, आणि जिथे मोजतात तिथे मुकादमाचा सगळा तोरा गळून पडे. पहिल्याच दिवशी धावणं थांबल्यावरही पारा चढत राहिला, तेव्हा तात्यांनी घाबरून बाईंना फोन लावला.

"थांबल्यावरही थोडा वेळ चढतोच," बाई जांभई देत म्हणाल्या. "स्नायूंतली ऊब अंगभर पसरत असते. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो गार होतो. सावलीत बसवा, पाणी पाजा आणि फोन ठेवा."

हळूहळू मुकादम सुधारला. आधी धावून आला की जीभ पळीसारखी रुंद होऊन लोंबायची, ती आता लवकर आत जाऊ लागली. तात्यांची मात्र बाहेरच राही. पण मांडीच्या आतून नाडी चाचपली की ती तशीच धडधडत असे. तात्या मग त्याला खेटून बसत, पाठ थोपटत आणि म्हणत, "शांत हो रे बाबा, मी आहे ना!"

दुसऱ्या तपासणीलाही तात्या असेच खेटून बसले. बाईंनी छातीला नळी लावली आणि नकारार्थी मान हलवली. तात्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात बाईंच्या लक्षात आलं, मुकादमाची नजर तात्यांच्या खिशावरून हलत नव्हती.

"खिशात काय आहे?"

"काही नाही. चेंडू."

"तपासणीला चेंडू?"

"तो असतोच, बाई. त्याला धीर येतो."

"धीर कसला डोंबलाचा! त्याला वाटतंय, आत्ता काम निघणार. तुम्ही शेजारी आहात तोवर हा कामावरच आहे. जा त्या टाकीमागे, चेंडू घेऊन."

"मीसुद्धा?"

"तुम्हीच आधी."

तात्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभे राहिले. आपणच त्याचा आजार आहोत असं कुणीतरी तोंडावर सांगितल्यासारखं त्यांना वाटलं. इतकी वर्षं दुपारच्या सुट्टीतही ते त्याला एकटं सोडत नव्हते, आणि त्याच मायेपायी बिचाऱ्याला एक दुपार धड विसावा मिळाला नव्हता. तात्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"तात्या, या! नाडी उतरली, पास!"

तात्या पोट सावरत धावत आले. मुकादम शेपटी आपटू लागला. बाईंनी नळी अजून त्याच्या छातीवरून काढली नव्हती.

"हं, नाडी सुटली बघा परत," त्या हसत म्हणाल्या. "नुसत्या तुम्हाला बघून."

आपल्याला बघून कुणाचं तरी काळीज धावतं, हे आजवर तात्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मुकादमाचं डोकं एकदाच कुरवाळलं. मग चेंडू खिशात दाबून धरत, त्याला जरा झोप लागावी म्हणून, ते मागे न बघता पुन्हा टाकीमागे जाऊन बसले.