चार पॉइंट कमी

धुळ्यात देवपूरच्या आमच्या गल्लीतून निघताना नाना, म्हणजे माझे वडील, माझ्याकडे बघत नव्हते, टायरकडे बघत होते. मे महिन्याचं ऊन, सकाळीच डांबर मऊ पडलेलं. पिकअपमध्ये मागे माझ्या दोन बॅगा, आणि त्यांच्याखाली रावेरहून केळी आणताना सांडलेला पाल्याचा चुरा. लेक कॅनडाला चालली म्हणून सगळी गल्ली जमली होती. आईला आम्ही अक्का म्हणतो. ती बॅगेच्या कोपऱ्यात ज्वारीचे बिबडे कोंबत रडत होती, आणि नाना चारही चाकांना लाथ मारून पाहत गाडीभोवती फिरत होते. मुंबईच्या वाटेवर आमची पहिली थांबायची जागा म्हणजे आग्रा रोडवरचा पंक्चरवाला. "चार पॉइंट कमी ठेव रे," नाना त्याला म्हणाले. "बाकीनी हवा ऊन भरी देई."

हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. रावेर ते धुळे केळी वाहणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात एकच धास्ती, पारोळ्याच्या अलीकडे भर दुपारी टायर फुटायची. गाडीबरोबरच्या पुस्तकात किती हवा लिहिलीय हे आमच्याकडे कोणी पाहत नसे. जे लिहिलं असेल ते थंड हवेच्या गावांसाठी, खान्देशात त्यातून चार वजा करायचे. नाना करत, त्यांच्या ओळखीतले सगळे पिकअपवाले करत. मुंबईला सोडताना त्यांनी मला परदेशात कसं वागावं यावर एक शब्द सांगितला नाही. विमानतळाच्या दारात फक्त म्हणाले, "गाडी लिशी तं टायर दखत जाय." मी हो म्हटलं आणि आत गेल्यावर ढसाढसा रडले.

आता तुम्ही देवपूरवाले, आणि माझ्यासारखे उठून जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यात जाऊन पडलेले तुम्ही सगळे, ऐका. परवा नाना-अक्का माझ्याकडे आले आणि तेव्हापासून मला हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीये. प्रशांतचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, दोनदा ऐकून झालंय. तिसऱ्यांदा सुरू केलं तर तो गॅरेजमध्ये निघून गेला.

आम्ही राहतो ते गाव सॅस्कटूनपासून दोन तासांवर. सपाट, इतकं सपाट की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जळगाव-पारोळ्याचा पट्टाच आठवला, फक्त कापसाच्या जागी सगळीकडे बर्फ. मी इथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे, प्रशांत खाणीच्या ऑफिसात. इथे सकाळी गाडी सुरू व्हावी म्हणून रात्रभर घराच्या भिंतीतून वीज लावून तिचं इंजिन गरम ठेवतात. नाकातले केस गोठतात. आणि वर्षातून दोनदा गाडीची चारही चाकं बदलतात, उन्हाळ्याची वेगळी, विंटरची वेगळी. विंटर टायरचं रबर मऊ असतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. मला हे सगळं भयंकर आवडलं. धुळ्यात मला पिकअपची किल्ली कधी मिळाली नाही. नानांनी नाही असं कधी म्हटलं नाही, पण कधी दिलीही नाही. इथे येऊन लायसन्स काढलं आणि पहिल्याच हिवाळ्यात मी एकटी गाडी घेऊन ड्यूटीवर जाऊ लागले. मी हे नानांना फोनवर सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "हवा किती ठेवस?"

"चार कमी," मी फुशारकीने म्हटलं.

"शाब्बास," नाना म्हणाले.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

वर्षानुवर्षं मी त्यांना इकडे बोलावत होते आणि ते टाळत होते. गेल्या दिवाळीत अचानक तयार झाले. सगळ्यांचे आईबाप उन्हाळ्यात येतात, यांनी मात्र हट्टाने हिवाळा धरला. बर्फावर गाडी कशी चालते ते त्यांना पाहायचं होतं. आणि एक अट घातली. "तू सोता गाडी लई येशी, तवयच मी बठसू." विमानतळाच्या बसने नाही, टॅक्सीने नाही, जावयाच्या गाडीत नाही. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उड्या मारल्या. ज्या माणसाने मला कधी किल्ली दिली नाही, तो माझ्या शेजारी बसून दोन तास बर्फातून येणार होता!

आणि डिसेंबरच्या सुरुवातीला माझी गाडी घसरली. वेग बैलगाडीचा, चौकात स्टॉपच्या पाटीपाशी ब्रेक लावला आणि गाडी आरामात, अगदी फेरफटका मारल्यासारखी, चौकाच्या मध्यापर्यंत गेली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून बरं. घरी येऊन मी हातमोजे काढले आणि पुढच्या टायरवरून बोटं फिरवली. मधला पट्टा चांगला खोल, नव्यासारखा. पण बाहेरची कड गुळगुळीत. आतल्या बाजूची बघितली, तीच गत. मागच्या टायरच्या कडाही झिजल्या होत्या, पण थोड्याच.

प्रशांत बाहेर आला. "तू हवा किती ठेवतेस?"

"गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलीय त्यापेक्षा चार कमी."

"कमी? का?"

मी नानांचं वाक्य म्हणायला गेले. बाहेर उणे पंचवीस. बाकीनी हवा ऊन भरी देई! इथे कुठलं ऊन? थंडीने हवा आक्रसते, उलट टायरमधली आणखी कमी होते. मी चार काढत होते आणि वर थंडी आणखी काढत होती. बिचारे टायर मधून दबून कडांवर चालत होते. प्रशांत बर्फात बसून पोट धरून हसला. मग मलाही हसू फुटलं, इतकं की शेजारची बाई खिडकीत आली. शिवाय पुढची चाकं मागे आणि मागची पुढे, अशी वरचेवर फिरवायची असतात, तेही मी कधी केलं नव्हतं. गाडी ओढतात पुढची चाकं, वळतात तीच, त्यामुळे सगळी झीज त्यांच्याच माथी.

हसून झाल्यावर मात्र खरी अडचण उभी राहिली. टायरच्या दुकानात सांगितलं की पुढचे दोन हायवेवर न्यायच्या लायकीचे उरलेले नाहीत. नवे मागवावे लागतील, ऐन हंगामात माल संपलाय, कधी येतील सांगता येत नाही. नाना यायला थोडेच दिवस होते. त्यात प्रशांतची त्या दिवशी ड्यूटी, म्हणजे त्याची गाडी खाणीवर. बसचं तिकीट काढून ठेवू या, तो म्हणाला. मी त्याच्याशी भांडले. खरं सांगते, मला भीती बसची नव्हती. नाना बसमध्ये गुपचूप बसले असते, मला एका शब्दाने बोलले नसते, आणि पुन्हा कधी माझ्या गाडीचा विषय काढला नसता. मी त्यांना ओळखते.

टायर आदल्या दिवशी आले. आदल्या दिवशी! मी ड्यूटीवरून तशीच युनिफॉर्मवर दुकानात. नवे दोन मागे लावले, म्हणजे बर्फावर गाडीची शेपूट फिरत नाही, आणि मागचे जुने पुढे आणले. निघायच्या सकाळी, गाडी हलवायच्या आधी, टायर गार असताना मी स्वतः गेज लावून हवा मोजली. चौकटीवर लिहिलेली, बरोब्बर तेवढी. एक पॉइंट कमी नाही. वाटभर मी गाणी म्हणत गेले.

नाना सॅस्कटूनच्या विमानतळाच्या दारातून बाहेर आले ते माकडटोपी घालून. अक्काने गळ्यात पडून रडून घेतलं. नाना मात्र पार्किंगमध्ये गाडीपाशी आले आणि आधी टायरला लाथ मारली. मग वाकून अंगठ्याने दाबलं.

"हवा जास्त शे," ते म्हणाले. "चार काढी टाक."

देवपूरकरांनो, या माणसाला गाडीच्या बाबतीत आजवर आमच्या घरात कोणी नाही म्हटलेलं नाही. काकांनी नाही, दादाने नाही.

"नाही नाना," मी म्हटलं. "इथे नाही काढायची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना पुढच्या जुन्या टायरपाशी नेलं आणि त्यांचं बोट झिजलेल्या कडेवर ठेवलं. थंडी काय करते ते सांगितलं. त्यांनी बोट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोनदा फिरवलं, हात पँटला पुसला आणि दार उघडून माझ्या शेजारी बसले. पट्टा लावला. उजवा हात दाराच्या कडीवर घट्ट.

त्यांचा डोळा रस्त्यावर आणि माझ्या हातांवर होता, हे मला न बघता कळत होतं. शहराबाहेर पडल्यावर एका पुलावर काळा बर्फ लागला, डांबरावर दिसतच नाही असा पातळ. गाडी जराशी डगमगली. मी ब्रेकला पाय लावला नाही, फक्त ॲक्सिलेटर सोडला. चाकांनी रस्ता धरला. नाना हळूच "हं" म्हणाले, बस. त्यानंतर मी त्यांना शेतं दाखवत होते, धान्याची उंच कोठारं दाखवत होते, बडबड करत होते, आणि ते ऐकत होते असं मी धरून चालले होते.

मागून अक्काने माझ्या खांद्याला बोट लावलं. "पोर," ती कुजबुजली, "तुना नाना झोपी गयात व."

मी वळून पाहिलं. माकडटोपी खिडकीला टेकलेली, कडीवरचा हात सुटून मांडीवर पडलेला, तोंड किंचित उघडं. दुसऱ्याच्या हातात गाडी असताना नाना झोपत नाहीत. लग्नाच्या वऱ्हाडात नाहीत, ऑपरेशननंतर जळगावहून आणलं तेव्हा नाहीत. मला पुढचा रस्ता दिसेना इतकं डोळ्यांत पाणी आलं आणि आनंदाने ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडता येत नव्हतं. घर म्हणजे धुळं की इथलं, यावर मी इतकी वर्षं स्वतःशी वाद घातलाय. त्या दिवशी माझं घर ताशी ऐंशीने चाललं होतं, त्याला चार चाकं होती आणि त्यात माझा बाप निर्धास्त घोरत होता.

आमच्या गावाचा फाटा आला. अक्का पुढे वाकली. "घर उनं का?"

"नाही अजून," मी झोपलेल्या नानांकडे बघत हळूच म्हटलं, आणि फाटा सोडून सरळ पुढे निघाले.