चिंचेवरची चेनपुली

माझा भाऊ अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी बेळगावात, कॅम्पातल्या शाळेत वह्या तपासत बसले होते. वहिनीचा फोन होता. रडणं नाही, ओरडणं नाही. "आक्का, ह्यांनी गाडी अंगणात लावली, हँडब्रेक वडला, आणि खाली उतरलेच न्हाईत..." एवढंच बोलून ती थांबली. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला निघालो, तर निपाणीजवळच्या आमच्या गावच्या चौकात फ्लेक्स लागलेला. भावपूर्ण श्रद्धांजली. एका बाजूला अण्णाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला, त्याहून चांगला मोठा, आमच्या चुलतभावाचा. खाली ठळक अक्षरात, 'आमचा पाठीराखा हरपला'. लोक आठवण म्हणून लिहितात, मी राग म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांना रुचणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं. त्या चुलतभावाचं नाव मात्र मी लिहिणार नाही. पेपरात नाव यावं ही त्याची जुनी हौस आहे, ती माझ्या हातून पुरी व्हायची नाही.

आमचं आणि त्याचं घर समोरासमोर. मध्ये एकच अंगण आणि अंगणात चिंचेचं थोराड झाड. त्याची आई तो रांगत असताना गेली, त्यामुळे तो आमच्याच आईच्या हातचं खाऊन वाढला. अण्णाच्या ताटातली भाकरी अर्धी त्याची असायची. मोठे झाल्यावर दोघांनी एकाच दिवशी पिकअप घेतल्या, एकाच कंपनीच्या, दोन्ही पांढऱ्या. कधी तंबाखूची पोती न्यायचे, कधी भाजी, कधी गुळाच्या ढेपा. अण्णा बेळगावला आला की माझ्या दारात दोनदा हॉर्न वाजवायचा आणि मी बाहेर आले की म्हणायचा, "मास्तरीणबाई, शेंगा आणल्यात, हजेरी लावा." तो मुळात हसरा माणूस होता. हे सांगायला हवं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तुम्हाला तो वेगळाच वाटेल.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि गाड्यांची पूजा होते. सगळे बॉनेटवर गंध-फूल वाहतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मोकळे होतात. आईचं तसं नव्हतं. ती अण्णाला बॉनेट उघडायला लावायची आणि तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा थेट इंजिनाच्या टोपणावर, एका कोपऱ्यात लावायची. म्हणायची, "घोड्याला टिळा कपाळाला लावायचा, खोगिराला न्हवं." विधवा बाईनं कुंकवाला हात लावायचा का, असं एकदा शेजारणीनं हळूच विचारलं. आई म्हणाली, "इंजिनाला काय ठावं?" दर वर्षी त्याच जागी नवा टिळा. इंजिनाच्या उष्णतेने तो भाजून काळपट लाल व्हायचा, त्यावर पुढच्या वर्षीचा. चुलतभावाची गाडीही शेजारीच उभी असे. पण त्याला बॉनेट उघडायचा कंटाळा. त्याच्या गाडीला बाहेरून झेंडूचा हार घातला की त्याची पूजा संपली.

मग एका उन्हाळ्यात अण्णाचा पाय मोडला. पायात रॉड घातला आणि तो बरा होईपर्यंत माझ्याकडे कॅम्पात राहिला. गावी चुलतभावाने वहिनीला सांगितलं, गाडी उभी राहिली की इंजिन जाम होतंय, किल्ली द्या, मी अधूनमधून फिरवतो. वहिनीने दिली. घरच्या माणसाला किल्ली देताना कोण विचार करतं? पावसाळा लागता लागता अण्णा गावी परतला. गाडी धूर टाकायला लागली होती, चढाला दम खात होती. उभं राहून राहून अशी झाली असेल, असं आम्ही सगळेच म्हणालो, आणि चुलतभाऊ सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

श्रावणात आईला अर्धांगाचा झटका आला. अण्णाने तिला गाडीत घातलं आणि बेळगावला निघाला. तवंदी घाटात गाडी बसली. धूर, मग एक घरघर, मग काहीच नाही. आईचं डोकं वहिनीच्या मांडीवर, पाऊस पडतोय, कुणी थांबेना. शेवटी अण्णाने चुलतभावाला फोन केला. तो आला, आणि त्याच्या गाडीने पुढचा सगळा रस्ता एका दमात काढला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. आईचा जीव वाचला, पण उजवा हात आणि अर्धी वाचा गेली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर अण्णाने त्या माणसापुढे हात जोडले. "तू हुतास म्हणून रं," म्हणाला. आणि त्या माणसाने ते जोडलेले हात हातात घेतले, अण्णाची पाठ थोपटली... हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बाकी सगळं कदाचित विसरता आलं असतं, ते थोपटणं विसरता येत नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला मी गावीच होते. अण्णाने आईला उचलून गाडीपाशी खुर्चीत बसवलं, बॉनेट उघडलं, तिचं लुळं बोट कुंकवात बुडवलं आणि तो ते नेहमीच्या कोपऱ्यापाशी नेऊ लागला. आईने डावा हात मध्ये घातला. तो कोपरा चाचपला. तिथे नुसतं लोखंड होतं. ओठ वाकडे करत, शब्द गोळा करत ती म्हणाली, "हे... आपलं न्हवं."

अण्णाने शेजारी उभ्या असलेल्या चुलतभावाच्या गाडीचं बॉनेट उघडलं. कोपऱ्यात एकावर एक बसलेले आईचे टिळे होते. इंजिनावर नंबर असतो हे खरं, पण तो बघतो कोण? ज्याने इंजिन बदललं त्याने नंबराचीही फिकीर केली नव्हती, आणि टिळ्यांचं तर त्याला ठाऊकच नव्हतं. बारा वर्षं शेजारी उभा राहून त्याने आमची पूजा कधी नीट पाहिली नव्हती. खंडेनवमीला हत्यार उचलायचं नसतं, म्हणून त्या दिवशी पाना कुणी हातात घेतला नाही. अण्णाने आईचं बोट धरून टिळा तिथेच लावला, त्याच्या गाडीतल्या आमच्या इंजिनाला. चुलतभाऊ त्याच्या ओसरीतून बघत होता. त्याचा चेहरा तेव्हाच उतरला.

दसऱ्याला सकाळी अण्णा निपाणीहून चेनपुली घेऊन आला. जड वजन उचलायची साखळीची कप्पी असते ती. चिंचेच्या जाड फांदीला त्याने ती टांगली, बरोबर चुलतभावाच्या दारासमोर. मग त्याला बाहेर बोलावलं आणि पान्यांची पेटी त्याच्या पायाशी ठेवली. "जसं बसवलंस तसं काढ," म्हणाला. दोन्ही गाड्या सारख्याच, याचं त्याला नट टू नट बसतं. चोरी सोपी झाली ती त्यामुळेच, आणि उलटी फिरवायलाही तेवढीच सोपी. रेडिएटरचं पाणी काढणं, तेल सोडणं, वायरी, पाइप, गिअरबॉक्सचे बोल्ट... सगळं त्याच्याच हातून करून घेतलं. अण्णा मोडक्या पायाने खुर्ची टाकून बसला होता आणि पान्याला हातसुद्धा लावत नव्हता.

दिवस कलला आणि गाव सोनं द्यायला घरोघर फिरू लागलं. आमच्या अंगणात आपट्याची पानं घेऊन माणसं आली तर साखळीला इंजिन लोंबकळतंय आणि त्याखाली हा कोपरापर्यंत काळा. जो तो विचारायचा, सणासुदीला हे काय काढलंय? अण्णा शांतपणे म्हणायचा, "त्यालाच इचारा." आणि त्याला प्रत्येकाला काहीतरी सांगावं लागायचं. आधी म्हणाला, सर्व्हिसिंग आहे. मग म्हणाला, अदलाबदल झालीय. लोक खुळे नव्हते. त्याच्या तेलकट हातात पानं देता येईनात, तेव्हा ती त्याच्या शर्टाच्या खिशात खुपसून जाऊ लागले. खिसा भरला. शेवटी तो आईच्या पाया पडायला आला. डाव्या हाताने ती सगळ्या गावाला सोनं देत होती. तिने पाय आत ओढून घेतले.

इंजिन जागेवर बसलं, गाडी एका सेल्फला चालू झाली. मला वाटलं, संपलं. अण्णाने पान्यांची पेटी आत नेली, पण चेनपुली काढली नाही. ती का ठेवलीस, म्हणून मी विचारलं. पोलिसांत का देत नाहीस, असंही विचारलं. तेव्हा म्हणाला, "पोलिसांत दिलं तर त्यो एकदाच खाली बघंल. मला त्याला रोज वर बघाय लावायचंय."

आणि त्याने लावलं. पुढची सगळी वर्षं ती साखळी तिथे लटकत राहिली. वारं सुटलं की किणकिणायची. नवा पाहुणा आला की विचारायचा, हे काय हो? अण्णा तिला ग्रीस लावायचा, आणि खंडेनवमीला तिच्या हुकालाही टिळा लावायचा. आई गेली तेव्हा हा माणूस खांदा द्यायला आला. अण्णाने आपला खांदा न काढता दुसऱ्या कुणाला तरी पुढे बोलावलं. वहिनी मात्र तडजोडीची. सणाला तिच्या हातच्या पोळ्या गुपचूप समोरच्या घरी जायच्या. मला ते आवडायचं नाही, पण ते तिचं घर होतं.

अण्णाचे दिवस झाले आणि दुसऱ्याच सकाळी तो आमच्या ओसरीत येऊन बसला. त्याच्या मुलाला बघायला संकेश्वरचे पाहुणे येणार होते. म्हणाला, "वैनी, आता तरी ती काढूया. मेलेल्या माणसाचं वैर काय धरायचं?" वैर कुणाचं आणि धरायचं कुणी, हे तो सांगत होता! वहिनीने चहा पुढे केला आणि "बघते" म्हणाली. मी बसमध्ये बसून बेळगावला येईपर्यंत धुमसत होते. मुलाचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, त्याचा काहीच दोष नाही. माझ्या आईच्या हाताचा तरी काय दोष होता?

परवाच्या रविवारी मी गावी गेले. चौकातला फ्लेक्स एका बाजूने फाटून लोंबत होता. समोरच्या घराला रंग दिला होता, दारात पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. मला वाटलं, चेनपुली गेली असणार. अंगणात आले, तर वहिनी चिंचेखाली स्टुलावर उभी. कोपरापर्यंत हात ग्रीसने काळे. कडी न कडी पुसून काढलेली, साखळी उन्हात चकाकत होती. मोकळ्या कपाळाने, अगदी सावकाश, ती हुकाला कुंकू लावत होती. अजून खंडेनवमी लांब होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"आक्का," ती म्हणाली, "किल्ली मीच दिलती न्हवं?"

स्टूल हलत होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि ते दोन्ही हातांनी धरलं.